कानाच्या औषधाचा काला

चांगल्या माणसांचा मला लवकर कंटाळा येतो. वाईट माणूस आपण वाईट आहोत हे अधूनमधून विसरतो तरी. चांगल्या माणसाला आपला चांगुलपणा झोपेतसुद्धा आठवत असतो. बोरटाकळीच्या साळूबाईबद्दल माझं मत बरेच दिवस असंच होतं. ते बदलायला गावातल्या निम्म्या पोरांचे कान वाहावे लागले.

बोरटाकळी शेवगावच्या पूर्वेला. मी तिथे चौथीपर्यंतच्या शाळेवर मास्तर होतो आणि साळूबाईचं घर शाळेच्या भिंतीला भिंत लावून होतं. नवरा कधीच गेलेला. मुलगा साखर कारखान्यावर कामाला, सून त्याच्याजवळ, आणि नात भीमा आजीजवळ. थोडी कोरडवाहू जमीन, एक शेळी, आणि गावात एक मान. तो मान वाटपाचा होता.

म्हणजे असं, की बोरटाकळीत काहीही वाटायचं झालं की साळूबाईला बोलावणं जायचं. लग्नातली बुंदी असो, सप्ताहाचा काला असो, नाहीतर जत्रेतल्या बोकडाचं मटण असो. दोन भाऊ वेगळे निघाले तर भांड्यांची वाटणी करायलाही तीच. एक गुडघा वर घेऊन ती बसायची, डोळे बारीक करायची आणि तिचा हात चालू व्हायचा. पंचाने जन्मभर जेवढे निवाडे केले नसतील तेवढे त्या हाताने केले होते आणि एकाही निवाड्यावर कधी भांडण झालं नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात खडीच्या कामावर मजुरांना खायला सरकारी सुकडीचं पीठ यायचं. शेजारच्या गावांत सुकडीवरून डोकी फुटली, आमच्याकडे साधी शिवी कुणी दिली नाही. तालुक्याचे साहेब मुद्दाम बघायला आले. त्यांनी साळूबाईची पाठ थोपटली, तेव्हा तिने साहेबांच्या हातावरही सुकडी ठेवली, बाकीच्यांना दिली तेवढीच.

मला हे सहन होत नसे. एकदा मी तिने घातलेले सुकडीचे दोन वाटे शाळेच्या तराजूत टाकून पाहिले. काटा मधोमध उभा राहिला. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं नाही.

त्र्याहत्तर साली पाऊस आला आणि ओढे, विहिरी, खडीच्या खाणी सगळं भरलं. दोन वर्षं पाण्याचं तोंड न पाहिलेली पोरं त्यात शिरली ती बाहेरच येईनात. परिणाम श्रावणात माझ्या वर्गात आला. एकेकाचे कान असे वाहायला लागले की हजेरी घ्यायची तर मी नाकाला रुमाल लावूनच घ्यायचो. आया लसणाचं तेल कोमट करून ओतत होत्या, कुणी रुईच्या पानाचा रस पिळत होतं. दोन-दोनदा हाक मारल्याशिवाय एकही पोरगं ओ देत नव्हतं, आणि त्यातलं कोण खरंच ऐकत नाही आणि कोण सोय बघून ऐकत नाही हे मला कळेनासं झालं होतं.

अशात डॉ. फक्रुद्दीन आले. मूळचे नगरचे, पुण्याला कान-नाक-घशाचं पुढचं शिक्षण घेत होते. वाहत्या कानात घालायचे नवे थेंब निघाले होते आणि ते खरोखर लागू पडतात का याचं संशोधन त्यांना करायचं होतं. त्यासाठी त्यांना पुष्कळ वाहते कान एका जागी हवे होते. त्यांनी माझ्या वर्गात पाऊल टाकलं, एक श्वास घेतला आणि आंब्याच्या आढीत शिरलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा फुलला. माझ्या शाळेकडे इतक्या प्रेमाने त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं.

त्यांच्या कपाळावर भोक पाडलेला गोल आरसा असायचा. त्यातून उजेड पोराच्या कानात पाडून ते आत बघायचे. पहिल्या दिवशी पोरं पळाली. दुसऱ्या दिवशी बाया आल्या, पण कान दाखवायला नव्हे. डॉक्टर समोर वाकले की त्यांच्या कपाळात आपलं कुंकू सरळ आहे का हे दिसायचं. डॉक्टर बिचारे लाजून इकडेतिकडे मान फिरवायचे, तसा आरसा फिरायचा आणि आरशामागे बाया फिरायच्या.

रोज येणं त्यांना शक्य नव्हतं. ते गुरुवारी यायचे. बाकीचे दिवस पोरांचे कान पुसून थेंब घालायला गावातलं कुणीतरी भरवशाचं माणूस हवं होतं. दहा जणांना विचारलं आणि दहाही जणांनी शाळेशेजारच्या घराकडे बोट केलं.

साळूबाई शिकली झटकन. काडीला कापूस गुंडाळायचा, कान आतून कोरडा करायचा, पोराला कुशीवर निजवायचं, थेंब सोडायचे, आणि वर शंभर आकडे म्हणेपर्यंत त्याला हलू द्यायचं नाही. तिला वीसच्या पुढे आकडे येत नव्हते म्हणून ती वीस पाच वेळा म्हणायची. प्रत्येक पोराच्या बाटलीवर एक नंबर होता; वीसच्या पुढचा असला तर पोरगंच वाचून द्यायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, ज्याची बाटली त्यालाच. असं का, हे त्यांनी तिला सांगितलं नाही, मलाही सांगितलं नाही. संशोधनात असं सांगायचं नसतं म्हणे.

संशोधनात काय सांगायचं नसतं ते मोठ्यांपासून लपतं, पोरांपासून लपत नाही. कानाचा पडदा फुटलेला असला की कानात घातलेला थेंब आतून घशात उतरतो. आठवड्याभरात पोरांना शोध लागला की काहींच्या घशात कडू उतरतं आणि काहींच्या घशात काहीच उतरत नाही. मधल्या सुट्टीत हुतुतूच्या बाजू पडल्या त्या कडू आणि आळणी अशा पडल्या. कडू बाजूची पोरं छाती काढून चालायला लागली. कारभारीचा गोरक्ष आळणी होता. तो घरी जाऊन रडला.

कारभारीची गावात पिठाची गिरणी होती. गिरणीच्या आवाजावर बोलून बोलून त्याला हळू बोलता येत नसे. त्या संध्याकाळी तो साळूबाईच्या अंगणात उभा राहून बोलला आणि सगळ्या गावाने घरबसल्या ऐकलं.

"काकू, सुकडी वाटली तव्हा तुमी दाना इकडचा तिकडं व्हऊ दिला न्हाई. आन आता औशिद वाटायला लागल्यावर हे काय?"

"काय झालं रं?" साळूबाई म्हणाली.

"औशिद म्हनल्यावर कडू असतंय का न्हाई? मंग माज्या गोरक्षला पानी कसं? आन तुमच्या भीमीला कडू कसं?"

साळूबाईने भीमाला हाक मारली. भीमाने घसा आठवून पाहिला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "व्हय आज्जे. लई कडू."

झालं. कारभारी पुढे एक शब्द बोलला नाही, आणि त्याच्या मानाने हे फारच झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी आडावर साळूबाई गेली तर बायांचं बोलणं थांबलं. आयुष्यभर लोकांच्या पानात सारखं घालणाऱ्या बाईने स्वतःच्या नातीच्या कानात जास्त घातलं, ही बातमी वस्तीवरसुद्धा पोचली होती. मला वाटलं होतं, या बाईचा पाय एकदा तरी घसरलेला पाहताना मजा येईल. पण ती रिकामी कळशी घेऊन परत आली, ओट्यावर बसली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "गुर्जी, माज्या हातानं असं झालं?" तेव्हा मला काही मजा आली नाही. मी म्हणालो, गुरुवारी डॉक्टर येतील, त्यांना विचारू. ती म्हणाली, गुरुवारपर्यंत मी मरून जाईन.

पण मरण्याऐवजी तिने हंडा काढला.

चिंच लावून हंडा असा घासला की तोंड दिसावं. शेजारची इमामबी तिची जुनी मैत्रीण. तिच्या तेलाच्या दुकानातलं नरसाळं उकळून आणवलं. शाळेच्या व्हरांड्यात, सगळ्या आयांच्या देखत, तिने एकेक बाटली उघडून त्या हंड्यात उपडी केली. कडू, आळणी, सगळं. पळीने ढवळलं. सप्ताहाच्या शेवटी जसा घरोघरच्या लाह्या-दह्याचा काला होतो आणि मग तो कुणाच्या घरचा राहत नाही, तसा तिने कानाच्या औषधाचा काला केला. मग डोळे बारीक करून, पळीपळीने, सगळ्या बाटल्या पुन्हा सारख्या भरल्या. इमामबी नरसाळं धरून बसली होती. मी विचारलं, "इमामबी, हे चालतं का?" ती म्हणाली, "का न्हाई? काल्यानं कोनाचं वाईट झालंय?"

संध्याकाळी थेंब पडले. गोरक्ष कुशीवर निजला होता. थोड्या वेळाने तो घसा धरून उठला आणि ओरडला, "कडू हाय! बा, कडू हाय!" कारभारीने त्याला खांद्यावर घेतलं. आळणी बाजूची झाडून सगळी पोरं थू थू करत आनंदाने नाचली. बाया साळूबाईशी बोलायला लागल्या. त्या रात्री गावाला शांत झोप लागली.

गुरुवारी डॉक्टर आले. आरसा बांधून एकेक कान बघायला लागले आणि साळूबाईने त्यांना ती आनंदाची बातमी स्वतःच्या तोंडाने सांगितली. लपवायचं काय होतं तिला? तिने बिघडलेलं नीट केलं होतं. "सायेब, तुमच्या पुन्याच्या लोकांनी बाटल्या भरताना घोळ घातल्ता. निम्म्यात औशिद घालायचंच इसरलं हुतं. म्या समदं एकत्र करून सारखं वाटलं."

डॉक्टरांनी कपाळावरचा आरसा काढला. मग चष्मा काढला. काढण्यासारखं आणखी काही नव्हतं म्हणून ते शाळेच्या पायरीवर बसले. "समदं?" ते म्हणाले. शुद्ध बोलणारा माणूस, पण त्या क्षणी त्यांच्या तोंडून नगर बाहेर पडलं.

"समदं," साळूबाई म्हणाली. "एक थेंब सांडला न्हाई."

त्यांनी पाणी मागितलं. साळूबाईने घरातून तांब्या भरून आणला. डॉक्टरांनी तोंडाशी नेलेला तांब्या तसाच धरून विचारलं, "हे त्या हंड्यातलं आहे का?"

"व्हय. घासलाय की."

तांब्या त्यांनी खाली ठेवला.

मग हळूहळू बाहेर आलं. निम्म्या बाटल्यांत औषध मुद्दामच नव्हतं. काही पोरांना औषध, काही पोरांना नुसतं पाणी, आणि मग कुणाचे कान जास्त कोरडे होतात ते बघायचं, असा तो सगळा प्रकार होता. आता सगळ्यांनाच अर्धं औषध आणि अर्धं पाणी मिळाल्यामुळे बघायला काही उरलं नव्हतं. पुण्याला त्यांचे सर विचारणार होते, निकाल काय? आणि निकाल म्हणून त्यांच्याकडे एक हंडा होता.

पण साळूबाईच्या मनाला दुसरंच लागलं. ती म्हणाली, "म्हंजी निम्म्या लेकरांला तुमी पानी घालत हुता? आन ते बी माज्या हातानं?"

डॉक्टर काढलेला चष्मा पुसत बसले. मला ते बघून बरं वाटलं. मग मात्र त्यांनी चांगलं उत्तर दिलं, हे कबूल केलं पाहिजे.

"मावशी, भीमाचा कान आधीपासूनच वाहायचा आणि गेल्या उन्हाळ्यात कोरडा झाला होता, असं तुम्हीच सांगितलंत ना? तेव्हा काय घातलं होतं?"

"लसनाचं तेल."

"मग कान कशाने कोरडा झाला?"

"तेलानं."

"आणि इमामबीच्या पोराचा?"

साळूबाईने इमामबीकडे बघितलं. इमामबी म्हणाली, "म्या तर कायबी घातलं न्हवतं. उन्हाळा लागला आन थांबला."

"आता सांगा मावशी," डॉक्टर म्हणाले, "भीमाचा तेलाने थांबला की उन्हाने?"

साळूबाईने डोळे बारीक केले. मी तिला मटणाच्या वाट्यांवर असा विचार करताना पाहिलं होतं. शेवटी ती म्हणाली, "कुनाला ठावं?"

"तेच मला शोधायचं आहे. नाहीतर आम्ही सगळ्या देशाच्या पोरांना थेंब घालत बसू आणि बरं करत असेल ऊन." मग ते जरा थांबले. "पण मी हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

पुण्याचा डॉक्टर चुकलं म्हणतो हे ऐकायला तोवर गाव जमलंच होतं. डॉक्टरांनी तिथेच सगळ्यांना समजावलं. ज्यांचे कान मधल्या काळात थांबले ते सुटले. बाकीच्यांचं पुन्हा पहिल्यापासून करायचं. या वेळी दोन्ही तऱ्हेच्या बाटल्या सारख्याच कडू असतील. कुणाला काय गेलं ते शेवटी सांगू, आणि औषध लागू पडलं तर पाणी मिळालेल्या पोरांना नंतर औषध मिळेलच. लोकांना पटलं. पटलं नाही एवढंच, की पाणी कुणाच्या पोराला.

"माज्या पोराला न्हाई," कारभारी म्हणाला, आणि मागून सगळेच तसं म्हणाले.

डॉक्टरांनी साळूबाईकडे पाहिलं. साळूबाई म्हणाली, "माज्याकडं बगू नगा. जे सारखं वाटायचं न्हाई असं वाटप म्या कदी केलं न्हाई आन करनार न्हाई."

तिथेच सगळं संपायचं. पण इमामबी पान चघळत होती, ती म्हणाली, "साळू, जत्रंत मटनाचे वाटे तू सारखे घालतीस. तरी एकाला नळी येती आन एकाला नुसतं हाडूक येतंय. त्यावर कदी कोन भांडलंय?"

कुणी भांडलं नव्हतं, कारण मटणाचे वाटे आमच्याकडे तोंड बघून देत नाहीत. एक माणूस पाठ फिरवून उभा राहतो. दुसरा एका वाट्यावर बोट ठेवून विचारतो, हा कुणाचा? पाठमोरा माणूस मनाला येईल ते नाव घेतो, आणि ज्याचं नाव त्याचा वाटा. हाडूक आलं तर नशिबाला बोल लावायचा, वाटणाऱ्याला नाही.

डॉक्टरांनी ही पद्धत ऐकली. पुण्याला याच कामासाठी त्यांच्याकडे छापील आकड्यांचं एक पुस्तक होतं म्हणाले, पण हेही चालेल. त्यांचा चेहरा पुन्हा आंब्याच्या आढीत गेला.

नवरात्रात नव्या बाटल्या आल्या. व्हरांड्यात ओळीने मांडल्या. साळूबाई भिंतीकडे तोंड करून, डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली. डॉक्टर बोट ठेवून विचारायचे, "ही कुणाची?" आणि ती खणखणीत आवाजात सांगायची, "गोरक्षची!" "इमामबीच्या धाकट्याची!" मला वाटतं, वैद्यकीय संशोधन इतक्या मोठ्या आवाजात आजवर कुठे झालं नसेल. भीमाचं नाव तिने शेवटपर्यंत घेतलं नाही. वाटणाऱ्याने शेवटी घ्यायचं असतं. सगळ्या बाटल्या गेल्या, एक उरली, तेव्हा ती वळली आणि म्हणाली, "ती आमची."

पुढे दिवाळी गेली, थंडी पडली. रोज संध्याकाळी व्हरांड्यात कापूस आणि वीस पाच वेळा. पोरांचे कान एकेक करून थांबायला लागले. गोरक्षचा थांबला. इमामबीच्या धाकट्याचा थांबला. भीमाचा थांबेना. पू कमी यायचा, पण येतच राहिला, आणि त्याला वास असा की मी तिला खिडकीशी बसवायला लागलो.

गावाने अर्थ लावला. दुसरा कुठला लागणार? उरलेली बाटली पाण्याची होती. साळूबाईने शेवटचा वाटा घेतला आणि स्वतःच्या नातीला पाणी घेतलं! कारभारी गिरणीवर येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगायचा, आणि त्याच्या आवाजामुळे गिरणीवर न येणाऱ्यांनाही कळायचं. "म्या त्या माउलीवर आळ घेतला हुता," तो म्हणायचा आणि कान पकडायचा. आडावर बाया साळूबाईचा पोहरा आधी सोडू द्यायला लागल्या. सप्ताहात तिला नारळ मिळाला.

आणि साळूबाई? तिला ते गोड लागलं, मी सांगतो. मी भिंतीपलीकडे राहत होतो. कुणी भीमाची चौकशी केली की ती एक उसासा टाकायची आणि म्हणायची, "आपल्या वाट्याला आलं ते आपलं." हे वाक्य मी त्या हिवाळ्यात इतकं ऐकलं की माझी शेळी असती तर तीही ते म्हणाली असती. चांगल्या माणसांबद्दलचं माझं जुनं मत पुन्हा डोकं वर काढू लागलं.

पण एक दिवस मी दारात उभा होतो आणि ती भीमाचा कान पुसत होती. भीमा म्हणाली, "आज्जे, मला दुसरी बाटली घाल की. गोरक्षचा कान थांबला, त्याची उरलीय."

बाटल्या तिथेच, हाताच्या अंतरावर होत्या. बघायला कुणी नव्हतं, म्हणजे मी होतो, पण ते तिला माहीत नव्हतं. साळूबाईने गोरक्षची बाटली उचलली. उजेडात धरली. मग ठेवून दिली.

"तिच्यावर तुजं नाव न्हाई बाळा," ती म्हणाली. "तुजी खरी बाटली मागनं यायचीय. सायेब बोललेत. थोडा दम धर." आणि भीमाच्या कानात तिच्याच बाटलीतले थेंब सोडून ती वीस म्हणायला लागली. पहिलं वीस म्हणताना ती मधेच आकडा चुकली आणि पुन्हा एकपासून लागली. मी पाय न वाजवता घरात गेलो.

थंडी सरता सरता डॉक्टर निकाल घेऊन आले. व्हरांडा भरला होता. साळूबाई धुवट लुगडं नेसून पुढे बसली होती, भीमा मांडीवर. नारळ मिळाला होता तेव्हा बसली होती तशीच. डॉक्टर खुशीत होते. औषध लागू पडतं म्हणाले, पण वाटलं होतं त्यापेक्षा थोडंच. खूपसं काम रोजच्या रोज कान कोरडा केल्याने झालं होतं, औषध असो वा नसो.

"गोरक्षला काय हुतं?" कारभारीने विचारलं.

"पाणी."

"पानी? आन पान्यानं बरा झाला?"

"कापसाने झाला. मावशींच्या."

लोकांना फार मजा वाटली. कडू पाणी पिऊन छाती काढणाऱ्या गोरक्षला पोरांनी ढुसण्या दिल्या. एकेकाचं कळत गेलं. औषध मिळालेलं पोरगं असलं की त्याची आई खूश, आणि पाण्याने बरं झालेलं असलं की त्याची आई जास्तच खूश, कारण फुकटात झालं.

"आन आमची भीमी?" साळूबाईने विचारलं. विचारताना तिने पदर सारखा केला. उसासा तयार होता, मला दिसत होता.

डॉक्टरांनी आपल्या कागदात पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. "औषध," ते म्हणाले. "भीमाच्या बाटलीत औषध होतं, मावशी."

एक क्षण कुणालाच कळलं नाही. मग कारभारीला कळलं. "आरं तिच्या मायला!" तो ओरडला. "काकू, हिवाळाभर आमी तुमाला आडावर वाट दिली! नारळ दिला! आन औशिद तुमच्याच घरात!" व्हरांडा फुटल्यासारखा हसला. बाया एकमेकींच्या अंगावर पडल्या. इमामबीला ठसका लागला. मीही हसलो. खोटं कशाला बोलू, या क्षणाची मी तराजूच्या दिवसापासून वाट बघत होतो.

पण साळूबाई आमच्याकडे बघतच नव्हती. तिने भीमाची हनुवटी धरून मान वळवली होती आणि त्या कानात बघत होती, जणू आत काही लिहिलं असावं. मग तिने डॉक्टरांकडे पाहिलं.

"सायेब," ती म्हणाली, "मला वाटत हुतं हिची बाटली अजून यायची हाय."

हसणं हळूहळू थांबलं. मागे कुणीतरी हसत राहिलं होतं, त्याला शेजारच्याने कोपर मारलं.

"म्हंजी आता हिला द्यायला कायच न्हाई?"

"आहे," डॉक्टर म्हणाले. ते खाली तिच्यासमोर येऊन बसले. "थेंबांचं काम नाही हे. कानामागचं हाड सडायला लागलंय. ते उघडून साफ करावं लागेल, पुण्याला. आमचे सर करतील. मी शेजारी उभा राहीन. आता नेलं तर वेळेत आहे."

साळूबाईने भीमाच्या कानामागे बोट फिरवलं. भीमाने डोकं मागे घेतलं.

"तितं बी असंच असतंय का?" तिने विचारलं. "पाठ फिरवून नाव घ्यायचं? कुनाला खरं, कुनाला पानी?"

"नाही मावशी. तिथे तोंडाकडे बघून."

तिने मान वर केली आणि आम्हा सगळ्यांकडे एकदा पाहिलं. कारभारीकडे पाहिलं, इमामबीकडे पाहिलं, माझ्याकडेही पाहिलं. लाजली होती ती, पण थांबली नाही.

"मंग हिला जास्त घाला," साळूबाई म्हणाली. "दुसऱ्यापरीस जास्त. जे काय आसंल ते, आदी हिला घाला."

बोरटाकळीत या बाईच्या तोंडून असं वाक्य कुणी ऐकलं नव्हतं. मग कारभारी बोलला, आणि मी पहिल्यांदाच त्याला हळू बोलताना ऐकलं.

"घाला, सायेब," तो म्हणाला. "आमचं कुनाचं काय म्हननं न्हाई."